दारात मोजलेल्या दहा इसा

होळी होऊन आठ दिवस झाले नव्हते, तरी राजेश्वर गावाच्या पुढं हमरस्त्याला लागून असलेल्या डाळगिरणीचा पत्रा सकाळी सातलाच तापायला लागला होता. वाऱ्याचं नाव नव्हतं. यंत्रं अजून सुरू व्हायची होती, पण कालची धूळ हवेत तशीच लोंबकळत होती, पिवळसर, जिभेला कडवट. फाटकाच्या आत लिंबाखाली रूपानं लोखंडी टेबल मांडलं, त्यावर धुतलेलं फडकं अंथरलं, जांभळ्या टोपणाच्या नळ्या रांगेत उभ्या केल्या आणि काचपट्ट्यांची डबी उघडून ठेवली. कामाची पाळी आठला सुरू व्हायची. त्याच्या आत चाळणखान्यातल्या अकरा बायकांचं रक्त काढून व्हायला पाहिजे होतं.

पहिली खुर्चीवर बसली ती ईरम्मा. सतरा वर्षं त्याच चाळणखान्यात. तूर भरडून आली की चाळायची, पाखडायची, आणि दिवस उतरला की पदर झटकून घरी जायचं. भुवया पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या. बोलताना मधूनमधून खोकायची आणि खोकला झाला की जिथं वाक्य तुटलं तिथनंच पुढं धरायची.

रूपानं दंडाला रबरी पट्टा आवळला, सुई घातली, नळी भरली. मग नळी बाजूला ठेवायच्या आधी त्यातला एक थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेनं पुढं सारला. थेंबाचा पातळ पापुद्रा झाला, बोकडाच्या जिभेसारखा. तिनं काच हवेत हलवून वाळवली, औषधाच्या बाटलीत बुडवली आणि पेन्सिलीनं कडेला नंबर घातला.

"यक्का, नळीत घेतलीस ते घेतलीस," ईरम्मा म्हणाली, "ही काचंवर कामून फासायलीस?"

"रगत ताजं हाय तवर त्येचा फोटू काढून ठेवायले."

"फोटू काढायचा तर आदी सांगायचं व्हतं, पदर नीट घेतले असते."

रांगेतल्या बाया हसल्या. ईरम्मानं बोटानं कापूस दाबून धरला आणि उठता उठता हळूच विचारलं, "अन् जे निगंल ते लिव्हशील न्हवं? मागं एक डाक्टर आलता, छाती तपासून गेला. मालकाच्या हापिसात च्या पिला, अन् कागदावर समदं ठीक लिवून गेला."

"जे निगंल ते लिव्हीन," रूपा म्हणाली. "मेंढराची शपथ."

धनगराच्या पोरीनं मेंढराची शपथ घेतली की ती हलकी नसते, हे ईरम्माला ठाऊक होतं. ती आत गेली.

रूपा भालकी तालुक्यातल्या मेहकरची. बाप उमाजी, अंगात बळ होतं तोवर तीनशे मेंढरं घेऊन मांजरा नदीच्या काठाकाठानं हिंडणारा, आता गुडघे गेल्यावर दोन एकरांत तूर आणि सोयाबीन बघणारा. पोरगी बारावी झाली तेव्हा भावकीनं लग्नाचं काढलं होतं. तिनं उदगीरला जाऊन प्रयोगशाळेचा डिप्लोमा केला. तेव्हापासून बारा वर्षं ती गुलबर्ग्यातच. सरकारदप्तरी त्याचं कलबुर्गी झालं, पण मेहकरच्या माणसाच्या तोंडात ते गुलबर्गाच. हुमनाबाद रोडवरच्या एका प्रयोगशाळेत ती काम करते. तिथं संशोधन चालतं ते माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर. नोकरी वर्षाच्या कराराची. दर मार्चला साहेबाची सही झाली की पुढचं वर्ष.

गेल्या दोन वर्षांपासून तिथं डाळगिरणीतल्या माणसांच्या पांढऱ्या पेशी तपासायचं काम निघालं होतं. वर्षानुवर्षं तुरीची धूळ नाकातोंडात गेल्यावर या पेशी बदलतात का, एवढाच प्रश्न. सोपा वाटतो. पण पहिल्याच दिवशी तो अडला एका शब्दावर. रूपानं गिरणीत बायकांना गोळा करून सांगितलं, "तुमच्या अंगातलं पांढरं तपासायचंय." बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. दोघी तोंडाला पदर लावून उठूनच गेल्या. ईरम्मा तेवढी ठसक्यात म्हणाली, "आमचं काय पांढरं-बिंढरं जायना झालंय. ज्येचं जातंय त्येनी दवाखान्यात जावं. गड्यांच्या म्होरं काय इचारायलीस?"

रूपाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पांढरं म्हटलं की बायकांच्या कानात काय पडतं हे ती स्वतः बाईमाणूस असून विसरली होती, प्रयोगशाळेत बसून बसून. मग ती खाली बसली आणि मातीत बोटानं दाखवत म्हणाली, "आसं बगा. रगतात तांबडी मेंढरं असतेत, लाखानं. अन् त्येंच्यासंगं थोडी कुत्री असतेत, राखणीची. लांडगं आलं की ती धावतेत. मला मेंढरं नकोत, मला कुत्री मोजायचीत. कुठल्या जातीची किती, एवढंच."

"मंग तसं म्हन की," ईरम्मा म्हणाली आणि हात पुढं केला. त्या दिवसापासून गिरणीत त्या पेशींचं नाव कुत्री पडलं. त्यातली एक जात अशी की रंगवल्यावर तिच्या पोटात तांबूस-केशरी दाणे दिसतात, गच्च भरलेले. धुळीनं, ॲलर्जीनं, नाहीतर जंतानं ती वाढते. प्रयोगशाळेत तिला इओसिनोफिल म्हणतात. रूपा तिला डाळवाली म्हणायची. धडधाकट माणसाच्या दोनशे पांढऱ्या पेशींत डाळवाल्या पाच-दहा असायच्या.

दोनशेच का, तर ती तिची मोजायची तऱ्हा. नियमात शंभर पेशी मोजायच्या होत्या. रूपा दहा इसा मोजायची. बाप तसाच मोजायचा. उमाजीला लिहायला येत नव्हतं. पहाटे मेंढवाड्याच्या दाराचं झाप उघडून तो पाय फाकून उभा राहायचा आणि एकेक मेंढरू गुडघ्याला घासून बाहेर सोडायचा. वीस झाली की एक ईस, आणि खिशातला एक खडा डाव्या खिशातून उजव्यात. पंधरा खडे म्हणजे पंधरा इसा, तीनशे. आणि मोजायचा तो सकाळी, निघतानाच. संध्याकाळी मुक्कामाला मोजून उपयोग नाही, असं त्याचं म्हणणं. तिथं फक्त पोचलेली मोजली जातात. निघाली किती ते कळत नाही, आणि वाटेत काय झालं तेही नाही.

रूपाकडं खड्यांऐवजी तुरीचे दाणे. सूक्ष्मदर्शकात डोळा, उजव्या हातानं जातवार रेघा, आणि वीस पेशी झाल्या की डाव्या हातानं एक दाणा बाटलीच्या झाकणात. दहा दाणे झाले की काच संपली. वहीत ती तसंच लिहायची. ईरम्माच्या पानावर लिहिलं होतं: दहा इशीत डाळवाल्या एक ईस आठ.

म्हणजे दोनशेत अठ्ठावीस.

आता घोटाळा तिथंच होता. ती गिरणीच्या दारात केलेली काच नियमात नव्हती. नियम असा की नळ्या प्रयोगशाळेत न्यायच्या आणि काचा तिथं करायच्या. पण नळ्या घेऊन येणारी जीप राजेश्वरहून निघाली की आणखी दोन गिरण्या करत, हुमनाबादला थांबत, साडेतीन तासांनी पोचायची. बर्फात ठेवायची सोय नव्हती, कारण त्याच रक्तातल्या जिवंत पेशींवर पुढं दुसरे प्रयोग व्हायचे आणि त्या पेशी गारठल्या की नीट हलत नाहीत. नियम लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं, खोलीच्या तापमानाला ठेवा. त्याच्या खोलीत गार हवेचं यंत्र असणार. जीपमध्ये बेचाळीस डिग्री होती. प्रयोगशाळेत केलेल्या काचेत ईरम्माच्या डाळवाल्या निघाल्या अकरा. आणि त्याही फुटक्या पोत्यासारख्या, दाणे बाहेर सांडलेले. अकराच्या अकरा बायकांचं तसंच. दारात जास्त, प्रयोगशाळेत निम्म्याहून कमी.

रूपानं दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही साहेबांपुढं ठेवली.

डॉक्टर महेशकुमार बीदरचे. माणूस वाईट नाही. पोरांना शिकवायचं तर तासन्‌तास शिकवणारा. एकच खोड, सकाळी आल्या आल्या आठ-दहा शिंका द्यायच्या आणि मग कामाला लागायचं. अहवाल पंधरा दिवसांत वर पाठवायचा होता. त्यांनी वही चाळली आणि बोट एका ओळीवर ठेवलं.

"हे काय लिहिलंय? इशी, ईस. मेंढरं आहेत का ही?"

"मेंढरं न्हाईत सर. कुत्री हायेत."

शेजारच्या टेबलावरची मल्लेश्वरी, संशोधन करणारी मुलगी, खाली मान घालून हसली. डॉक्टर हसले नाहीत.

"रूपाबाई, एका माणसाचे दोन आकडे मी पाठवू शकत नाही. कुठला धरायचा?"

"दारातला."

"दारातल्या काचा नियमात नाहीत. पेशी मोजायचं यंत्रसुद्धा प्रयोगशाळेतल्या काचेशी जुळतंय. सहा टक्के म्हणतंय, तुम्ही चौदा म्हणता. आणि चौदा असले तरी जंत असतील. खेड्यातल्या बायका."

"जंताच्या गोळ्या मागल्या महिन्यात तुमीच दिलाव. मी म्होरं उभं ऱ्हाऊन गिळायला लावले. अन् यंत्राला बी जीपमधनं आलेलीच नळी दिली, सर. त्ये काय येगळं सांगंल?"

डॉक्टरांनी खणातून एक छापील कागद काढला. त्यावर आधीच टाइप केलेलं होतं: चाळणखान्यातले अकरा नमुने हाताळणीत खराब झाल्याने अभ्यासातून वगळण्यात येत आहेत. खाली रूपाचं नाव, सहीला जागा.

"हे अकरा गाळू," ते म्हणाले. "बाकी एकोणतीस आहेत, ते सरळ आहेत. कुणाचं नुकसान नाही."

रूपानं कागद दोनदा वाचला. बाकी एकोणतीस म्हणजे गिरणीच्या कचेरीतले, गोदामातले, गाडीवरचे. धूळ खाणाऱ्या नेमक्या अकरा जणी गाळल्या की अहवालात काय उरणार, ते तिला कागद खाली ठेवायच्या आत कळलं. तुरीच्या धुळीनं काही होत नाही, असं उरणार. त्याच्यावर शिक्का बसणार. आणि मालक तो कागद चौकटीत घालून भिंतीला लावणार.

"हाताळणीत म्हंजी कुणाच्या हातात, सर?"

"ती बोलायची पद्धत आहे."

"खाली नाव माजं हाय. म्हंजी माज्या हातात. माज्या हातात काय खराब झालं न्हाई. खराब झालं ते जीपमदी. मी सही करणार न्हाई."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुमच्या कराराचा कागद पण ह्याच खणात आहे, रूपाबाई. एकतीस तारीख जवळ आलीय. मी धमकी देत नाही."

"मी बी देत न्हाई," ती म्हणाली. "तुमचा खण, तुमची सही. पर ईरम्माला मी शब्द देऊन बसले. त्यो खणात न्हाई."

डॉक्टर काही बोलणार तेवढ्यात त्यांना शिंक आली. एक, दोन, मग लागोपाठ पाच. त्यांनी रुमाल नाकाला लावला. रूपा त्यांच्याकडं बघत राहिली आणि तिच्या डोक्यात काहीतरी जुळलं.

"सर, हात पुढं करा."

"काय?"

"तुमचं रगत काढते. तुमाला रोज सकाळी शिंका येतेत. तुमच्यात डाळवाल्या चिकार असणार. आत्ता एक काच करू, हितंच, टेबलावर. नळी गुंडप्पाच्या जीपमदी ठेवू, साडेतीन तास. मंग दुसरी काच. दोन्ही तुमी मोजा. मी हात लावणार न्हाई. तुमच्या काचा एकसारख्या निगाल्या तर कागदावर सही करते, अन् खण बी उगडू नका. मी माजी मेहकरला जाते."

डॉक्टर हसले, पण ओठांनीच. "अशानं काही सिद्ध होत नाही."

"मंग भ्यायचं काय?"

हे तिनं असं विचारलं की त्यात उर्मटपणा शोधूनही सापडला नसता. डॉक्टरांनी बाही वर केली. इतक्या वर्षांत त्या प्रयोगशाळेत शेकडो माणसांचं रक्त आलं होतं, साहेबांचं पहिल्यांदा. मल्लेश्वरीनं पट्टा बांधला, रूपानं सुई घातली. काच केली, वाळवली, बुडवली. अकरा वाजले होते.

गुंडप्पा जीपचा ड्रायव्हर. त्याला नळी दिली तेव्हा तो म्हणाला, "कुठं न्यायची?"

"कुठंच न्हाई. उनात उभी कर, काचा वर घे, अन् सीटवर ठेव. नेमी ठेवतूस तशी."

"कुणाचं हाय?"

"सायबाचं."

गुंडप्पानं नळी दोन्ही हातांनी धरली. "आरारा. सायबाचं रगत उनात. पाप लागंल की ओ, अक्का."

"ईरम्माचं नेताना लागलं का?"

त्यानं जीप पटांगणात मधोमध उभी केली. दर अर्ध्या तासानं सावलीतून उठून काचेतून आत बघून यायचा, जसं काही आत कोण झोपलंय.

अडीच वाजता नळी आत आली. हाताला गरम लागत होती. दुसरी काच झाली. मल्लेश्वरीनं दोन्ही काचा रंगवल्या, नंबरांवर कागद चिकटवला, पाठीमागं नेऊन अदलाबदल केली आणि साहेबांपुढं ठेवल्या. कुठली कुठली ते तिलाच ठाऊक. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकले. शंभरावर थांबले तेव्हा रूपा पाठीमागून म्हणाली, "अजून पाच इसा, सर." ते पुढं मोजत राहिले. तिनं तुरीचे दाणे त्यांच्या डाव्या हाताशी सरकवले. दोनदा आकडा चुकल्यावर त्यांनी एक दाणा उचलून झाकणात टाकला.

पहिल्या काचेत आठ.

दुसऱ्या काचेत ते बराच वेळ एकाच ठिकाणी थांबले. मग रेघा ओढत गेले. एकोणीस.

मल्लेश्वरीनं कागद काढला. एकोणीसवाली काच सकाळची होती.

डॉक्टरांनी आठवाली काच पुन्हा लावली. या वेळी मोजायला नव्हे, नुसती बघायला. दाणे सांडलेल्या पेशी त्यांनी याआधी शेकडो वेळा पाहिल्या असतील आणि खराब रंगाच्या नावावर सोडून दिल्या असतील. आज त्या त्यांच्या स्वतःच्या होत्या.

"एका माणसावर काही ठरत नाही," ते शेवटी म्हणाले. आवाजात मघाचा कडकपणा नव्हता, पण हट्ट होता.

"न्हाई ठरत," रूपा म्हणाली. "उद्या धाजणांचं ठेवू. गुंडप्पाचं घेऊ, मल्लेश्वरीचं घेऊ, माजं घ्या. जीप हितंच हाय, ऊन कुठं जायलंय?"

"मलाबी टोचनार?" गुंडप्पा दारातून म्हणाला.

"सायबानं टोचून घेतलं, तू काय मोठा लागून गेलास?"

डॉक्टरांनी तो छापील कागद उचलला. फाडला नाही, चुरगाळला नाही. उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागले: दहा जण, दोन काचा, वेळ, जीपमधलं तापमान. लिहिता लिहिता म्हणाले, "तापमापक ठेवा आत. नुसतं ऊन म्हणून चालत नाही." मग पेन खाली ठेवून, "अहवाल थांबेल. वरच्या लोकांना मला उत्तर द्यावं लागेल. दोन्ही रकाने पाठवीन, दारातला आणि इथला. ते दारातला धरतीलच असं नाही."

"न धरू द्या. लिवलेलं तर ऱ्हाईल. अन् त्या अकराजणी?"

"राहतील."

"अन् बाकी एकोणतीसच्या बी दारात काचा कराव्या लागतेल. न्हाईतर कुणीबी म्हनंल, अकरा येगळ्या मोजल्या."

डॉक्टरांनी मान वर केली. ती चूक त्यांच्या लक्षात यायच्या आधी तिच्या लक्षात आली होती, आणि ती निस्तरायचं काम तिच्याच अंगावर येणार होतं, पहाटेचे आणखी आठ-दहा फेरे. ते म्हणाले, "कराव्या लागतील."

कराराचं ते बोलले नाहीत, तिनंही विचारलं नाही. खण बंदच होता.

तिनं अकरा जणींच्या दारातल्या काचा एकेक करून लाकडी पेटीत उभ्या लावल्या, पेटी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली साहेबांच्या टेबलावर वहीच्या वर ठेवली. वही उघडीच होती, ईरम्माच्या पानावर. डॉक्टरांनी 'एक ईस आठ'च्या पुढं आपल्या अक्षरात लिहिलं होतं, २८, आणि खाली सही.

बाहेर येऊन तिनं ईरम्माला फोन लावला. पाठीमागं चाळणीचा घर्रघर्र आवाज येत होता.

"लिवलं," रूपा म्हणाली. "एक ईस आठ. पाच-धा असायला पायजेत, तुज्यात अठ्ठावीस हायेत. तुमच्या समद्यांच्यात तसंच हाय."

ईरम्मा खोकली, आणि खोकला थांबल्यावर म्हणाली, "मंग आमची कुत्री लई भुकायलीत म्हन की."

"व्हय. कवाधरनं भुकायलीत."

"मालक इचारला तर?"

"वहीत लिवलंय म्हन. सायबाची सही हाय. अन् नाकाला पदर नको, धुळीचा मास्क माग, अकराजणींनी मिळून. न्हाई दिला तर मला सांग, मी सोमवारी हाय तितं."

"सोमवारी परत टोचायला?"

"तुला न्हाई. कचेरीतल्या गड्यांना."

"मंग येते की बगायला," ईरम्मा म्हणाली आणि फोन ठेवला.

रूपा आत आली. मोरीत दिवसभराच्या वापरलेल्या काचा साबणाच्या पाण्यात पडल्या होत्या. सोमवारपासूनच्या फेऱ्यांना साठ तरी लागणार होत्या. तिनं बाह्या वर केल्या, नळ सोडला, एकेक काच दोन बोटांच्या मध्ये धरून घासायला लागली, विसाव्या काचेला एक दाणा झाकणात.